सुबाभळीवर पंप धरण्याआधी

लँकेस्टर, पेनसिल्व्हेनिया
२८ सप्टेंबर

ती. आबांस शिरसाष्टांग नमस्कार.

परवा फोनवर तुम्ही म्हणालात, बांधावरची सुबाभूळ तीनदा तोडली तरी हटत नाही, आता पंपात तणनाशक औषधाचा जादा डोस भरून फवारतो. थोडं थांबा. मी इकडे हीच चूक वेगळ्या तऱ्हेनं करून बसलोय.

शेजारच्या आजोबांची घरामागं बारा एकर झाडी आहे. मेपल, ओक, काळा अक्रोड. त्यात एक चिनी झाड घुसलंय. नाव ‘ट्री ऑफ हेवन’, म्हणजे स्वर्गातलं झाड! आपल्या महारुखाचा चुलतभाऊच. १७८४ मध्ये कुणी हौसेनं फिलाडेल्फियाच्या बागेत आणून लावलं, आणि आता रस्त्याकडेला, रेल्वेलाइनीला, जिकडं बघाल तिकडं तेच. त्यात २०१४ मध्ये इथून जवळच्याच बर्क्स काउंटीत एक ठिपक्यांचा तुडतुडा सापडला. तो द्राक्षवेलींचाही रस शोषतो आणि या झाडावर तर तुटून पडतो. म्हणून आजोबांना ते काढायचंय.

गेल्या हिवाळ्यात मी फुशारकीनं म्हटलं, करवत द्या, एका रविवारात उडवतो. अकरा झाडं आडवी केली. जूनमध्ये जाऊन बघतो तर बुंध्याभोवती आणि पार दहा-बारा पावलांवरसुद्धा मुळ्यांतून धुमारे फुटलेले. मोजायला लागलो आणि चाळिसाच्या पुढं सोडून दिलं. आजोबा काही बोलले नाहीत, नुसते हसले. ते जास्त लागलं.

या झाडाचा जीव मुळांत असतो. वरून तोडलं की मुळं चवताळतात. वसंतात रस वर चढत असतो, तेव्हा औषध दिलं तर मुळापर्यंत पोचत नाही. जुलैपासून पानं पिवळी पडायला लागेपर्यंत मात्र झाड पानांत केलेलं अन्न खाली मुळांकडं धाडतं. तेव्हा औषध दिलं की झाड स्वतःच ते खाली नेतं.

म्हणून या महिन्यात आम्ही लहान कुऱ्हाड आणि हातात मावणारी पिचकारीची बाटली घेऊन निघालो. कमरेच्या उंचीवर, खाली तिरका, साल फोडून लाकडात जाईल असा घाव घालायचा. खोड जितके इंच जाड, साधारण तितके घाव. दोन घावांमध्ये इंचभर साल शाबूत ठेवायची. मला वाटलं, सगळीकडून सोलावं. आजोबा म्हणाले, मग औषध खाली जायचं कुठून? प्रत्येक खाचेत लगेच मिलीभर औषध. त्यात निळा रंग मिसळलेला असतो, म्हणजे कुठलं झाड राहिलं ते कळतं. माझी बोटं हातमोजे घालूनही दोन दिवस निळी होती.

एका खोडावर कुऱ्हाड उचलली तेवढ्यात आजोबांनी मनगट धरलं. अक्रोड होता! इथं त्याच्या लाकडाला सोन्याचा भाव. त्यांनी दोन्हींची पानं माझ्या हातात चुरगाळली. अक्रोडाच्या पानाच्या कडेला बारीक दाते, वास लिंबासारखा. त्या दुसऱ्याची कड गुळगुळीत, फक्त देठाजवळ एखाददुसरा दात, आणि वास खवट शेंगदाण्याचा. गेल्या पावसाळ्यात आपल्या पोत्यातले शेंगदाणे खराब झाले होते ना, अगदी तसा.

आता तुमची सुबाभूळ. जादा डोसानं पानं आधीच करपतात, मग औषध मुळाकडं नेणार कोण? शिवाय डोक्याएवढ्या उंच झाडावर फवारलं तर वाऱ्यानं निम्मं वांग्यावर आणि विहिरीत. बुंधा जमिनीलगत कापून, ताज्या कापावर सालीलगतच्या कडेला ब्रशनं औषध लावायचं, अशीही रीत आहे. पण कोणतं औषध, किती आणि कधी, ते डब्यावरचं वाचून आणि कृषी विज्ञान केंद्रात विचारूनच ठरवा. दुकानदाराच्या सांगण्यावर जाऊ नका. आणि शेंगा वाळायच्या आत झाडं काढा, नाहीतर सांडलेलं बी पुढची कित्येक वर्षं उगवत राहील.

इथल्या झाडांची पानं पिवळी पडायला लागलीत. घावानं की थंडीनं, ते पुढच्या जूनमध्ये कळेल. घाव घातल्याला महिना होईपर्यंत आजोबा मला करवतीला हात लावू देत नाहीत.

तुमचा,
बाळू

ता. क. औषध लावल्यावर त्या झाडाचा पाला शेळ्यांना घालायचा नाही, हे आईला सांगा. ती न विचारता डहाळी मोडून आणते.