मांडीवरचा ठिपका

गंगापूर रोड, नाशिक

प्रिय सुधीर,

तुझे चार फोन येऊन गेले, उचलले नाहीत. राग धरू नकोस. तोंडातून शब्दच फुटत नव्हता. आज बाळ घरी आलं, म्हणून लिहायला बसलो.

मनीला मुलगी झाली. पहिल्या दिवशीच ओठ निळसर दिसत होते. ‘गारठा आहे, नीट गुंडाळा,’ म्हणून सांगितलं. आपली नाशिकची जानेवारी; आम्हालाही पटलं. दुसऱ्या दिवशी एका सिस्टरने इवल्याशा तळपायाला ऑक्सिमीटर लावला, तर आकडा ७८! त्या सिस्टरचे पाय धरावेत असं वाटलं.

इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, केली. हृदयातून फुप्फुसाकडे रक्त सोडणाऱ्या झडपेच्या पाकळ्या एकमेकींना चिकटलेल्या, मधे जेमतेम वाट. पोटात असताना बाळाची एक जादा रक्तवाहिनी उघडी असते, ती जन्मल्यावर मिटते. तिच्यातून फुप्फुसाला रक्त मिळत राहावं, ती मिटू नये म्हणून प्रोस्टाग्लँडिनचं ड्रिप लावलं. त्या औषधाने बाळाचा श्वास मधेच थांबू शकतो, असंही सांगून ठेवलं! मुंबईला न्यायचं का यावर घरात खल झाला. कसारा घाटात श्वास थांबला तर? शेवटी इथेच केलं.

छाती उघडलीच नाही. मांडीच्या शिरेतून बारीक नळी हृदयापर्यंत नेली, झडपेत फुगा ठेवून काही सेकंद फुगवला, पाकळ्या सुटल्या. झडपेचं कडं ७ मिलीमीटरचं, फुगा ९चा. मुद्दामच थोडा मोठा घेतात. डॉक्टरांनी पेनाने काढून दाखवलेला कागद अजून माझ्या खिशात आहे. अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्सच्या जीन कॅन आणि सहकाऱ्यांनी ही पद्धत मांडली १९८२ साली. तेव्हा आपण आठवीत होतो रे. त्याआधी जन्मली असती तर?

मला वाटलं, आता ऑक्सिजनचा आकडा शंभरावर जाईल. गेला ८६वर. हृदयाचा जाड झालेला उजवा कप्पा सैलावायला वेळ लागतो म्हणे. काल ९४ होता. झडप थोडी गळते, पुढेमागे पुन्हा फुगा लागू शकतो, इको करत राहायचे.

आईने दुपटं सोडून टाके शोधले. जांघेत डास चावल्यासारखा एक ठिपका. ‘एवढंच? मग पैसे कसले घेतले?’ म्हणाली. मनी त्या दिवसानंतर पहिल्यांदा हसली.

बारसं तुझ्यासाठी अडलंय. द्वारका चौकात ट्रॅफिकमध्ये तासभर अडकशील, हे धरूनच नीघ.

तुझा,
विनू