नववीतल्या मुलाच्या स्टेटसवरचा फोटो : गृहमंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. गृहमंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

स. न. वि. वि.

मी मुळशी तालुक्यातल्या एका माध्यमिक शाळेत मराठी आणि इतिहास शिकवतो. या नोकरीत पंचवीस वर्षं गेली. आपल्या खात्याशी माझा कधी संबंध आला नाही, तक्रार घेऊन पोलीस ठाण्याची पायरीही चढलो नाही. पण एक गोष्ट दोन वर्षांपासून मनातून जात नाही, म्हणून लिहायला बसलो.

५ जानेवारी २०२४, शुक्रवार. दुपारी पुण्यात कोथरूडच्या सुतारदऱ्यात टोळीप्रमुख शरद मोहोळचा गोळ्या घालून खून झाला. त्याच्या लग्नाचा तो वाढदिवस होता. गोळ्या झाडणारे कुणी परके नव्हते, त्याच्याच सोबत वावरणारी पोरं होती, असं पोलिसांनी सांगितलं. त्याच रात्री संशयित पकडले गेले. त्यातल्या मुख्य संशयिताचं वय जेमतेम विशीतलं.

दुसऱ्या दिवशी शनिवार, सकाळची शाळा. प्रार्थनेनंतर नववीच्या वर्गात शिरलो तर मागच्या बाकावर चार डोकी एका मोबाईलवर वाकलेली. मोबाईल मागून घेतला. स्टेटसला फोटो होता, पांढरा शर्ट, कपाळाला टिळा, बाजूला पेटती पणती, खाली ‘भाई, परत या’. मी त्या मुलाला बाहेर व्हरांड्यात घेतलं आणि विचारलं, “तू ओळखायचास का रे त्यांना?” म्हणाला, “नाही सर. पण सगळ्यांनी ठेवलंय.” मी म्हटलं, “त्यांच्यावर खुनाचे गुन्हे होते, माहीत आहे?” त्यानं मान हलवली. मग अगदी साधेपणानं विचारलं, “मग सर, एवढी मोठी माणसं त्यांच्या घरी कशी जातात?”

लोकप्रतिनिधी घरी सांत्वनाला जाऊन आल्याच्या आणि गेलेल्या माणसाच्या हिंदुत्वाच्या कामाची तारीफ केल्याच्या बातम्या पुढच्या दिवसांत जसजशा आल्या, तसतसा हाच प्रश्न मला आणखी दोघा-तिघांनी विचारला. मला उत्तर देता आलं नाही. ते उत्तर मी आपल्याकडे मागतो आहे.

मेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये, असं मलाही घरात शिकवलं गेलं. त्याच्या घरच्यांचं दुःख खरं आहे, आणि दिवसाढवळ्या कुणाचाही खून व्हावा असं मला वाटत नाही, त्याचाही. त्या दिवशी शिक्षकखोलीत चहा पिताना एक सहकारी म्हणाले, “बरं झालं, एक काटा गेला.” मला तेही टोचलं. खुनानं काटा निघतो हे एकदा मान्य केलं की पुढचा काटा कोण, हे ठरवणारा माणूसही तयार होतोच. दुसरे सहकारी म्हणाले, “काही म्हणा, वाघ होता. आपल्या धर्मासाठी केलं त्यानं.” तिथं मी गप्प बसलो. बसायला नको होतं.

कारण ‘धर्मासाठी केलं’ म्हणजे काय केलं, हे सगळ्यांना ठाऊक आहे. जून २०१२ मध्ये येरवडा कारागृहात, कडक पहाऱ्याच्या अंडा सेलमध्ये, कतील सिद्दीकी या कच्च्या कैद्याचा गळा आवळून खून झाला. दगडूशेठ गणपतीच्या मंदिरापाशी स्फोट घडवण्याच्या कटात त्याचा हात असल्याचा संशय होता. खटला व्हायचा होता. त्याच्या खुनाचा आरोप शरद मोहोळ आणि त्याच्या एका साथीदारावर ठेवला गेला, आणि २०१९ मध्ये न्यायालयानं दोघांची निर्दोष सुटका केली. म्हणजे न्यायालयाच्या लेखी हा गुन्हा त्यांच्यावर सिद्ध झाला नाही, आणि चौकातला श्रद्धांजलीचा फलक म्हणतो, तेच केलं म्हणून तो वाघ. मुलांनी कुणावर विश्वास ठेवायचा? शिवाय सिद्दीकी कोठडीत होता, म्हणजे शासनाच्या ताब्यात होता. तो जिवंत राहिला असता तर कटात आणखी कोण होतं, पैसा कुठून आला, हे भर न्यायालयात विचारता आलं असतं. तो मेला आणि ते सगळं त्याच्याबरोबर गेलं. मंदिराच्या रक्षणाची ज्यांना खरोखर काळजी आहे त्यांनी त्या खुनावर हळहळायला हवं होतं. त्याऐवजी बारा वर्षांनी त्याचं कौतुक झालं.

साहेब, पुण्यात हे आता नवं राहिलेलं नाही. फेब्रुवारी २०२१ मध्ये तळोजा कारागृहातून सुटलेल्या एका टोळीप्रमुखाला शेकडो गाड्यांच्या ताफ्यातून द्रुतगती महामार्गानं पुण्यात आणलं गेलं. सुटका झाली की मिरवणूक, मेला की फलक. मधल्या काळात या माणसांच्या नावावर काय चालतं ते आमच्या तालुक्यातल्या शेंबड्या पोराला माहीत आहे. हिंजवडीला कंपन्या आल्या, डोंगरापर्यंत प्लॉटिंग गेलं, गुंठ्याला सोन्याचा भाव आला. कुणाच्या जमिनीवर ताबा मारायचा, कंपनीतल्या भंगाराचा ठेका कुणाला, लेबर कुणाचं, मुरूम कुणाच्या डंपरनं जायचा, हे ठरवायला एक नाव लागतं. त्या नावाची भीती शाबूत ठेवायची तर मेल्यावरही ते मोठंच राहायला लागतं. म्हणून फलकाला मी नुसतं दुःख मानत नाही. कोण कोणाच्या बाजूला आहे हे फलकाच्या खालच्या ओळीत, शुभेच्छुकांच्या फोटोंत लिहिलेलं असतं, आणि ज्याला वाचायचं तो बरोबर वाचतो.

आमच्या फाट्यावर लोखंडी कमान आहे. जूनमध्ये तिच्यावर दहावीच्या गुणवंतांचे फोटो लागतात. जानेवारीत त्याच कमानीला, त्याच सुतळीनं बांधून भाईची श्रद्धांजली लागली होती. गेल्या वर्षी पहिली आलेली मुलगी रोज त्याखालून सायकलनं शाळेत यायची.

तेव्हा नव्यानं आलेल्या पुण्याच्या पोलीस आयुक्तांनी ६ फेब्रुवारी २०२४ ला शहरातल्या अडीचशेहून जास्त गुन्हेगारांना आयुक्तालयात रांगेनं उभं करून समज दिली, रील टाकू नका म्हणून बजावलं. मला बरं वाटलं. आठवड्याभरात माझ्या वर्गातली मुलं त्याच परेडचे व्हिडिओ गाणं लावून बघत होती. पोलिसांनी दम दिला तरी शेजारी पुढाऱ्याचा फोटो असेपर्यंत मुलं पोलिसांचं ऐकत नाहीत, हे मी रोज बघतो.

इटलीत या प्रश्नाशी पुष्कळ झगडा झालेला आहे. ऑगस्ट २०१५ मध्ये रोममध्ये कासामोनिका टोळीच्या म्होरक्याची अंत्ययात्रा सहा काळ्या घोड्यांच्या गाडीतून निघाली, हेलिकॉप्टरमधून गुलाबपाकळ्या पडल्या, चर्चच्या दारावर ‘रोमचा राजा’ म्हणून त्याचा फोटो लागला. देशभर संताप झाला. नोव्हेंबर २०१७ मध्ये तोतो रीना तुरुंगवासात मेला. न्यायाधीश फाल्कोने आणि बोर्सेलिनो यांचे खून घडवणारा हा सिसिलीचा माफिया. पोलिसांनी आणि चर्चनं ठरवलं, सार्वजनिक अंत्यविधी नाही. कोर्लेओनेच्या दफनभूमीत मोजक्या घरच्यांसमोर प्रार्थना झाली आणि त्याला पुरलं. घरच्यांना त्यांचा निरोप मिळाला. गावाला तमाशा मिळाला नाही.

आपल्याकडे कायदे नाहीत असं थोडंच आहे? महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ च्या कलम ३७ खाली जमाव आणि मिरवणुकीवर बंदी घालता येते. विनापरवाना फलकांसाठी मालमत्ता विद्रूपणाचा १९९५ चा कायदा आहे, वर उच्च न्यायालयाचे आदेश आहेत. ते गणपतीच्या मंडळाला लागू होतात, भाजीवाल्या बाईच्या छत्रीला लागू होतात. मोक्का म्हणजे संघटित गुन्हेगारीविरोधी कायद्यातल्या आरोपीच्या श्रद्धांजलीलाही लागू व्हावेत. पण माझं खरं मागणं याच्या आधीचं आहे. आपण स्वतः, गृहमंत्री म्हणून, सगळ्या पक्षांच्या आमदार-खासदारांना, आपल्या पक्षाच्याही, जाहीर सांगा की टोळीप्रमुखाच्या मरणाचं राजकारण करायचं नाही. घरी जायचं तर कॅमेऱ्याशिवाय जा. फलकावर फोटो नको, तारीफ नको. पोरांवर स्टेटससाठी गुन्हे दाखल करण्याआधी हे व्हावं, एवढंच म्हणतो. पोरांनी ते मोठ्यांचं बघूनच केलेलं असतं.

आणि हे लवकर व्हावं. १ सप्टेंबर २०२४ ला नाना पेठेत माजी नगरसेवक वनराज आंदेकर यांचा खून झाला. वर्षानं, ५ सप्टेंबर २०२५ ला, विसर्जनाच्या आदल्या दिवशी, त्या खुनातल्या एका आरोपीच्या मुलाला गोळ्या घातल्या गेल्या. कॉलेजात शिकणारा मुलगा. धाकट्या भावाला क्लासवरून घेऊन इमारतीच्या पार्किंगमध्ये येत होता. त्याच्या आधीच्या वर्षभरात किती स्टेटसवर ‘बदला’ हा शब्द होता, हे आपल्या सायबर शाखेला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक असेल.

माझा एक जुना विद्यार्थी आज येरवड्यात आहे. नाव लिहीत नाही. दहावीला त्याला मराठीत ७८ गुण होते, अक्षर मोत्यासारखं. पाच-सहा महिन्यांपूर्वी त्याची आई शाळेत आली. वकिलानं दिलेला एक कागद तिला वाचून हवा होता. मी वाचला. तिनं पदरानं चष्मा पुसला आणि म्हणाली, “गुरुजी, त्याला आत टाकला तेव्हा त्याच्यासाठी कुणी बोर्ड नाही लावला.”

त्या शनिवारी मला प्रश्न विचारणारा मुलगा आता आयटीआयला आहे. फाट्यावर भेटला की अजून वाकून नमस्कार करतो. आपलं उत्तर शाळेच्या पत्त्यावर आलं तर मी आधी त्याला बोलावून वाचायला देईन, मग नववीच्या वर्गात वाचून दाखवीन. शनिवारी पहिला तास माझाच असतो.

कळावे,
आपला,
एक माध्यमिक शिक्षक
ता. मुळशी, जि. पुणे