तारकांचे पिरॅमिड पुरे, सोसायटीचे व्याज काढा

संपादक महोदय,

प्रोग्रॅमिंगच्या अनेक क्लासमध्ये सुरुवातीचे कितीतरी तास तारकांचे (* या चिन्हांचे) पिरॅमिड आणि फिबोनाची मालिका (आधीच्या दोन संख्यांच्या बेरजेने पुढची काढायची) यांतच जातात. उत्तर पुस्तकात छापलेले असते. चुकले तरी कोणाचे काही अडत नाही. त्यापेक्षा मुलांना आपल्याच सोसायटीच्या थकबाकीवरचे व्याज काढायला द्यावे.

२०१४च्या आदर्श उपविधींनुसार (गृहनिर्माण सोसायट्यांसाठीच्या नमुना नियमांनुसार) हे सरळव्याज असते, वर्षाला जास्तीत जास्त २१ टक्के. त्या दराने २,५०० रुपये ४५ दिवस थकले, तर ६४.७३ रुपये होतात. एवढे एक उदाहरण आधी कागदावर सोडवावे, म्हणजे प्रोग्रॅमचे उत्तर कशाशी ताडायचे ते हाताशी राहते. मग खजिनदारांकडून बँक स्टेटमेंटची सीएसव्ही फाइल (स्वल्पविरामांनी रकाने वेगळे केलेली साधी मजकूर फाइल) घ्यावी, अर्थात नावे आणि खाते क्रमांक काढूनच.

पायथॉन या प्रोग्रॅमिंग भाषेत ती वाचायला पाच-सहा ओळी पुरतात. खरी गंमत पुढे आहे. ‘१,२५,०००.००’ ही रक्कम स्वल्पविराम काढल्याशिवाय संख्या होत नाही, एरर येतो. हे बरेच म्हणायचे, निदान कळते तरी. तारखेचे तसे नाही. पैसे भरल्याची तारीख ०३/०४/२०२५ म्हणजे आपल्याकडे ३ एप्रिल. फॉरमॅट स्पष्ट सांगितला नाही, तर पांडास ही पायथॉनची लायब्ररी (तयार कोडचा संच) ती ४ मार्च समजू शकते. त्या सभासदाचे तीस दिवसांचे व्याज बिनबोभाट गायब! रकमांसाठी फ्लोट हा दशांश संख्यांचा नेहमीचा प्रकारही नको, त्यात ०.१ आणि ०.२ यांची बेरीज नेमकी ०.३ होत नाही. सगळा हिशेब रुपयांऐवजी पैशांत, पूर्णांकांत ठेवावा किंवा डेसिमल हा दशांश नेमके ठेवणारा प्रकार वापरावा. पण डेसिमललाही रक्कम अवतरणचिन्हांत द्यायची. फ्लोट दिला, की जुनीच चूक आत शिरते.

आता एखाद्याने अर्धीच रक्कम भरली. ती आधी व्याजात वळती करायची की मुद्दलात? एआयकडून तयार कोड घेतला, तरी तो यातले काहीतरी एक गृहीत धरून मोकळा होतो. उपविधी उघडून, खजिनदारांना विचारून मगच ती ओळ लिहावी. सभासदाऐवजी त्याच्या मुलाच्या खात्यातून आलेल्या पैशांवर फ्लॅट क्रमांकच नसतो. अशा नोंदी अंदाजाने कोणाच्या नावावर न टाकता वेगळ्या फाइलमध्ये काढाव्यात. त्या प्रोग्रॅमने नव्हे, माणसानेच बघायच्या.

पहिली दोन-तीन बिले होईपर्यंत जुनी एक्सेल शीट बंद करू नये. दोन्हींत फरक आला, तर दरवेळी प्रोग्रॅमच चुकलेला असतो असे नाही.

– एक संगणक शिक्षक, डोंबिवली