सगळीच सांधेदुखी झिजेची नसते

संपादक महोदय,

रविवारच्या आरोग्य पानावर सांधेदुखीच्या पूरक गोळ्यांवरचा लेख वाचला आणि रात्री झोप लागली नाही. ग्लुकोसामाइन, कॉन्ड्रॉइटिन, कोलाजेन, हळदीचा अर्क, सगळ्यांची नावे आहेत. 'संधिवाताच्या रुग्णांनी तीन महिने घेऊन पाहावे' असा सल्लाही आहे. पण कुठल्या संधिवाताच्या, हे सांगणारी एक ओळ नाही. त्या न लिहिलेल्या ओळीची किंमत माझ्या आक्काने मोजली आहे.

आक्काने वीस वर्षे बंदरावर कोळंबी सोलली. तीन वर्षांपूर्वी तिला आमवात निघाला, डॉक्टर रुमॅटॉइड म्हणतात तो. ही झीज नव्हे. यात शरीराची प्रतिकारशक्तीच सांध्यांवर उलटते. सकाळी उठल्यावर तासभर बोटे आखडलेली, दोन्ही हातांची, सारखीच. आठवड्यातून एकदा मेथोट्रेक्सेटची, म्हणजे त्या प्रतिकारशक्तीला आवर घालणारी गोळी सुरू झाली आणि ती पुन्हा आडाळ्यावर बसून नारळ खवायला लागली.

गेल्या चतुर्थीनंतर वाडीत सांध्यांच्या तपासणीचे मोफत शिबिर झाले. तपासणी मोफत, पूरक गोळ्यांच्या बाटल्या दोन हजार चारशेच्या. 'ही घ्या, ती गरम गोळी कशाला' असे तिथल्या माणसाने सांगितले आणि आक्काने मेथोट्रेक्सेट बंद केली. पंधरा दिवसांनी मला फोनवर म्हणाली, "माका आता बरा वाटता." बंद केलेल्या गोळीचा असर काही आठवडे अंगात राहतो, हे तिला कोण सांगणार? दिवाळीत फराळाला गेले तर करंजीची कड दुमडताना तिच्या बोटांतून पारी सुटत होती. हात पुढे करून म्हणाली, "मूठ वळणा नाय." हाताच्या बांगड्या काढायला साबण लावावा लागला, तरी दोन फोडाव्याच लागल्या. गोळी पुन्हा सुरू केली, सूज उतरली, पण उजव्या हाताची दोन बोटे वाकडी झाली ती झाली. या आजारात हाड एकदा खाल्ले गेले की परत भरून येत नाही.

ती बाटली मी घरी आणून भिंगाखाली वाचली. मागे बारीक इंग्रजी अक्षरांत 'नॉट फॉर मेडिसिनल यूज' असे छापलेले होते. आतले ग्लुकोसामाइन कोळंबी-कुर्ल्यांच्या कवचापासून बनवतात. आक्काने वीस वर्षे जी सालपटे टोपलीत टाकली, त्यांच्यासाठी तिने दोन हजार चारशे रुपये मोजले. कोळंबीने ज्यांच्या अंगावर पित्त उठते किंवा जे रक्त पातळ करणारी वॉरफेरिन घेतात, त्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय या गोळ्यांना हात लावू नये. तुमच्या लेखात याबद्दल अक्षर नाही.

झिजेच्या गुडघ्यांना तरी उपयोग होतो का? अमेरिकेत १५८३ रुग्णांवर २४ आठवडे चाचणी झाली, तिचे निष्कर्ष २००६ मध्ये आले. औषध नसलेली, नुसती पिठाची गोळी घेतलेल्यांपैकी शंभरात साठ जणांना बरे वाटले, ग्लुकोसामाइन घेतलेल्यांत चौसष्ट जणांना. म्हणजे फरक नाहीच म्हणायचा. 'मला गुण आला' असे शेजारीण सांगते ती खोटे बोलत नाही, पण त्या साठ जणांनाही गुण आलाच होता. अमेरिकेतल्याच संधिवात तज्ज्ञांच्या संघटनेने २०१९ च्या मार्गदर्शक सूचनांत झिजेच्या गुडघेदुखीसाठी ग्लुकोसामाइन देऊ नये असे स्पष्ट म्हटले आहे. त्यांचा भर व्यायामावर आणि वजनावर आहे. किलोभर वजन उतरले तर पावलागणिक गुडघ्यावरचा चार किलोंचा भार कमी होतो. आणि माशाच्या तेलाचा आमवातात थोडाफार फायदा दिसतो, पण औषधाच्या जोडीला, औषध सोडून नव्हे. आमच्या किनाऱ्यावर तारली-बांगडा ताजा मिळतो, तो खावा.

त्याच पानाच्या तळाशी 'सात दिवसांत संधिवात मुळापासून' अशी चूर्णाची जाहिरात छापली आहे. अशा जाहिरातींना बंदी घालणारा कायदा १९५४ पासून आहे. संपादकांना तो माहीत नसेल असे मी मानत नाही. माझी विनंती आहे की येत्या रविवारी त्याच पानावर, तेवढ्याच मोठ्या अक्षरांत खुलासा छापावा: आमवात आणि झीज हे वेगळे आजार आहेत आणि डॉक्टरांना विचारल्याशिवाय चालू गोळी बंद करू नये.

आणि गुडघ्यांची एवढी काळजी आहे, तर एसटीच्या पहिल्या पायरीबद्दलही लिहा. तज्ज्ञांना दाखवायला आक्काला दर दोन महिन्यांनी गोव्याला न्यावे लागते. गाडी फलाटापासून हातभर लांब उभी राहते आणि पायरी तिच्या गुडघ्याच्या वर येते. बोटे वाकडी, दांडा धरवत नाही. मी खालून ढकलते आणि वरून कुणीतरी परका माणूस ओढून घेतो.

आपली,
एक वाचक, आचरे (ता. मालवण)