‘सोशल नाही’ हा शेरा कशावरून?

महोदय,

माझ्या नातवाच्या प्रगतिपुस्तकात यंदा शेरा आलाय : ‘अभ्यासात उत्तम, पण सोशल नाही.’ पोर नऊ वर्षांचं, मुळातच अबोल. तेव्हापासून घरात त्याला बोलतं करायची खटपट सुरू आहे आणि ते आणखीच मिटून गेलंय. मला हे फार लागलं, म्हणून हे पत्र.

‘सोशल’च्या मुळाशी लॅटिनमधला ‘सोशिअस’ आहे. त्याचा अर्थ सोबती, साथीदार. बोलघेवडेपणाचा त्यात संबंधच नाही. आपला ‘समाज’ही ‘सम्’ आणि ‘अज्’ यांतून आलेला, म्हणजे एकत्र जाणं. अमरकोशात तर सुरेख भेद सांगितलाय : पशूंचा तो ‘समज’, इतरांचा तो ‘समाज’. फरक एका कान्याचा! गिरनारच्या शिलालेखात अशोक ‘समाज’ भरवू नका म्हणतो, तिथे अर्थ जत्रा-जलशांचा आहे. पण १८६७ साली मुंबईत प्रार्थना समाज निघाला तोवर शब्दाचा रोख पार बदलला होता. पुढे १९११ मध्ये ना. म. जोशींनी इथेच सोशल सर्व्हिस लीग काढली. कामगारांसाठी रात्रशाळा, वाचनालयं चालवणं, हे त्या ‘सोशल’चं काम होतं.

आता आमचा हा ‘सोशल नसलेला’ मुलगा. तळमजल्यावरच्या त्याच्या वर्गमित्राच्या पायाला कॅलिपर आहे. रोज सकाळी नातू खाली उतरून त्याच्या दाराशी थांबतो. स्वतःचं दप्तर पाठीवर, मित्राचं पोटावर अडकवतो आणि नाक्यावरच्या बसपर्यंत त्याच्याच चालीने चालतो. पावसात फुटपाथच्या लाद्या निखळून डबकी साचतात, तेव्हा दोघांना रस्त्यावर उतरावं लागतं. तिथे हा गाड्यांच्या बाजूने होतो. कुणी शिकवलेलं नाही. वाटेत दोघं एक अक्षर बोलत नाहीत, हे मी गॅलरीतून दोन वर्षं पाहतोय. सम् आणि अज्, ते आणखी काय असतं?

शाळेवर माझा राग नाही. साठ मुलांच्या वर्गात बाईंना तरी किती दिसणार? तरीही सर्वच शिक्षकांना कळकळीची विनंती आहे. हा शेरा लिहिण्यापूर्वी ते मूल मधल्या सुट्टीत कुणाबरोबर डबा खातं, शाळा सुटल्यावर कुणासाठी थांबतं, एवढं एकदा पाहावं.

– एक आजोबा, विक्रोळी, मुंबई