रोपे वाटली, आता बावखले राखूया

महोदय,
स. न. वि. वि.

१ सप्टेंबर ते ४ ऑक्टोबर हा काळ जगभरातले ख्रिस्ती लोक सृष्टीसाठी प्रार्थनेचा म्हणून पाळतात. १ सप्टेंबर हा दिवस ऑर्थोडॉक्स चर्चने १९८९ मध्ये ठरवला, दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी २०१५ मध्ये तो कॅथलिकांसाठीही जाहीर केला, आणि ४ ऑक्टोबरला असिसीच्या संत फ्रान्सिसचा सण येतो. यंदाही आमच्याकडे प्रवचने झाली, मुलांनी चित्रे काढली, मिस्सा (चर्चमधली सामुदायिक उपासना) आटोपल्यावर रोपे वाटली. त्याचा मला आनंदच आहे. पण वसईच्या एका वाडीत वाढलेली, पुढे शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झालेली कॅथलिक बाई म्हणून माझी आमच्या धर्मग्रामांना, म्हणजे एकेका चर्चभोवतीच्या समाजांना, कळकळीची विनंती आहे: रोपांवर थांबू नका, बावखले राखा.

वसईबाहेरच्या वाचकांसाठी सांगते. बावखल म्हणजे वाडीच्या कडेला खणलेले गोड्या पाण्याचे तळे. आमच्या वाडीतले अजून आहे. उतरते काठ, काठावर भेंडीची झाडे आणि दोन ताड. जुलैत ते काठोकाठ भरते, मेमध्ये तळाशी गुडघाभर पाणी उरते. त्या वेळी माझे वडील आणि काका गाळ उपसून केळीच्या बुंध्याशी घालत. पानवेल, मोगरा, भाजी, सगळे त्याच पाण्यावर व्हायचे. आजही सकाळी खंड्या येऊन बसतो आणि पाणकोंबडी पिल्ले घेऊन फिरते.

दिसायला एवढेच, पण बावखलाचे मोठे काम जमिनीखाली चालते. समुद्राकाठच्या जमिनीत पावसाचे गोडे पाणी खालच्या खाऱ्या पाण्यावर तरंगत असते, कारण ते हलके असते. भूजलाचा एक ठोकताळा मी वर्गात शिकवत असे: गोड्या पाण्याची पातळी एक फूट उतरली, तर खालचे खारे पाणी कालांतराने सुमारे ४० फूट वर सरकू शकते. टँकरसाठी रात्रंदिवस उपसा केला आणि पाणी मुरवणारी बावखलेही बुजवली, की विहीर मचूळ होणार हे ठरलेलेच. वर समुद्रही चढतो आहे. १९०१ ते २०१८ या काळात जगभरातली समुद्राची पातळी सरासरी २० सेंटिमीटरने वाढली. हवामानबदल म्हणजे उत्तर ध्रुवावरची अस्वले असे ज्यांना वाटते, त्यांनी आमच्या आळीत येऊन केळीच्या पानांच्या करपलेल्या कडा पाहाव्यात.

आमच्या शेजारचे बावखल दोन पावसाळ्यांच्या मधे नाहीसे झाले. रात्री डंपर यायचे, पाडलेल्या इमारतींचे डेब्रिज ओतून जायचे. विटा, फरशांचे तुकडे, कुठल्याशा न्हाणीघराच्या निळ्या टाइल्स. मालकाला मी बोल लावत नाही. मुले नोकरीला, मजूर मिळेना, घरात आजारपण, आणि जमिनीला दर आलेला. अशा वेळी माणूस एकटा पडतो, आणि त्याच्या दारात पहिल्यांदा दलाल पोहोचतो. त्याच्याआधी धर्मग्रामाचे कुणी पोहोचले असते तर, हा विचार मला सोडत नाही.

यावर काहीजण म्हणतात, फादरांनी आत्म्याचे बघावे, जमिनीच्या भानगडीत पडू नये. माझा त्यांना प्रश्न आहे, बायबलमधले लेवीयचे २५ वे प्रकरण मग कुणासाठी लिहिले? जमीन कायमची विकू नका, कारण ती माझी आहे आणि तुम्ही माझ्याकडे उपरे आहात, असे देव तिथे स्वच्छ सांगतो. त्याच प्रकरणात दर सातव्या वर्षी जमिनीला विसावा देण्याची आज्ञा आहे. उत्पत्तीच्या दुसऱ्या अध्यायात माणसाला एदेन बागेत ठेवले ते मशागतीसाठी आणि राखणीसाठी. मालकीचा तिथे उल्लेखही नाही. वाडीत राबणाऱ्या आमच्या बायाबापड्यांना हे वेगळे समजावून द्यावे लागत नाही.

आणि वसईला तर याचा वारसा आहे. १९८०च्या दशकाच्या अखेरीस इथला हिरवा पट्टा बिल्डरांच्या घशात जाऊ लागला, तेव्हा हरित वसई संरक्षण समिती उभी राहिली आणि फादर फ्रान्सिस दिब्रिटो लोकांबरोबर रस्त्यावर उतरले. त्यांना धमक्या आल्या, तरी ते मागे हटले नाहीत. त्या लढ्यात सगळ्या धर्मांची माणसे होती. हे सारे पोप फ्रान्सिस यांच्या ‘लाउदातो सी’ या २०१५च्या पर्यावरणाविषयीच्या पत्राच्या पाव शतक आधीचे. २०२४च्या जुलैमध्ये फादर गेले. त्यांच्या आठवणीत भाषणे पुष्कळ झाली.

‘लाउदातो सी’चा आमच्याकडे उल्लेख फार होतो, पण वाचणारे थोडे. त्यात नुसता उपदेश नाही. एअर कंडिशनरचा वाढता वापर, वाया जाणारे अन्न, प्लास्टिक, उगाच जळणारे दिवे यांवर पोपमहाशयांनी थेट लिहिले आहे. मग आमच्या लग्नांतल्या एसी हॉलबद्दल आणि थर्माकोलच्या ताटांबद्दल वेदीवरून बोलायला संकोच कसला? त्या पत्रातली मला सर्वांत महत्त्वाची वाटणारी गोष्ट मात्र वेगळी आहे: पृथ्वीचा आक्रोश आणि गरिबांचा आक्रोश वेगळे काढता येत नाहीत. जुलै २०१८ मध्ये वसई-विरार पाण्याखाली गेले, नालासोपाऱ्यात रूळ बुडून लोकल थांबल्या, मिठागरात माणसे अडकून पडली. बावखल बुजते आमच्या वाडीत, पण ते पाणी शिरते सखल भागातल्या चाळीत, जिथल्या माणसाने कधी बावखल पाहिलेलेही नसते.

चर्चने निसर्ग राखल्याचा एक दाखला देते. उत्तर इथिओपियात शेती आणि चराईपायी बहुतेक जंगल गेले. जे उरले त्यातले बरेचसे ऑर्थोडॉक्स चर्चांच्या भोवती आहे, आपल्या देवराईसारखेच. गुरे आत शिरू नयेत म्हणून कित्येक ठिकाणी तिथल्या धर्मगुरूंनी आणि गावकऱ्यांनी मिळून दगडी गडगे घातले. पैशाने ते आमच्यापेक्षा कितीतरी गरीब आहेत.

आम्हाला एवढे तर नक्की जमेल. प्रत्येक चर्चमध्ये बाप्तिस्म्याची, लग्नाची नोंदवही पिढ्यान्‌पिढ्या नीट ठेवलेली असते. तशीच एक बावखलांची ठेवावी. कुठल्या आळीत, केवढे, कुणाचे, पाणी कोणत्या महिन्यापर्यंत टिकते, आणि बुजलेले असेल तर कोणत्या साली. ती वही पॅरिश कौन्सिलने (धर्मग्रामाच्या समितीने) दरवर्षी ग्रामसभेपुढे किंवा प्रभाग कार्यालयात मांडावी. ज्याला गाळ काढणे झेपत नाही, त्याच्याकडे युवकांनी मेमध्ये दोन रविवार जावे. सणाच्या रोषणाईचा थोडा खर्च तिकडे वळवता येईल. आणि चर्चच्या आवारात जिथे जिथे पेव्हर ब्लॉक बसवून माती बंद केली आहे, तिथे निदान झाडांभोवतीचे आणि कडेचे उखडून पाणी मुरायला वाट द्यावी. छपराचे पाणी गटारात न सोडता आवारातल्या विहिरीत सोडायला एक पन्हळ, एक पाइप आणि गाळणी पुरते.

हे केवळ ख्रिस्ती लोकांचे काम नाही. सामवेदी, वाडवळ, आगरी, कोळी, सगळ्यांच्या वाड्यांना आणि विहिरींना तेच पाणी लागते, आणि मंदिरांच्या विश्वस्तांनी अशी वही घातली तर उत्तमच. पण आम्ही गेला महिनाभर सृष्टीसाठी प्रार्थना केली आहे, तेव्हा सुरुवात आमच्याकडून व्हावी. आमच्या बावखलाची लांबी, रुंदी आणि गेल्या मेमधली पाण्याची खोली मी लिहून ठेवली आहे. वही घातली की पहिली नोंद माझ्याकडून घ्यावी.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका, वसई