अँप उघडण्याआधी दार उघड

प्रिय सुहास,

तुझं पत्र मिळालं. आधी गाडीच्या मागच्या डाव्या दारातल्या स्पीकरमध्ये खरखर, मग दार आपटलं की आवाजाची ये-जा, आणि शेवटी चारही स्पीकर गप्प. हा क्रम लिहिलास ते फार बरं केलंस, निम्मं निदान त्यातच आहे. आता स्क्रूड्रायव्हर घेऊन सीटखालचा अँपचा (रेडिओचा आवाज वाढवून स्पीकरना देणाऱ्या अँप्लिफायरचा) डबा खोलायला बसू नकोस. आधी ते दार बघ.

दार आणि बॉडीच्या मधल्या रबरी नळीतून स्पीकरच्या तारा जातात. वर्षानुवर्षं उघडझाप होऊन तिथलं आवरण तडकतं आणि उघडं तांबं पत्र्याला लागतं. कंपनीच्या चिपवाल्या अँपमध्ये स्पीकरची एकही तार अर्थला, म्हणजे गाडीच्या बॉडीला, जोडलेली नसते. दोन्ही तारांवर बॅटरीच्या निम्मे, म्हणजे सुमारे ६ व्होल्ट असतात. त्यातली कुठलीही तार बॉडीला टेकली की शॉर्ट. चिपमध्ये संरक्षण असतं, पण रोजचे फटके तीही किती सोसणार? तार तशीच ठेवून नवी चिप बसवलीस तर तीही त्याच वाटेनं जाईल.

बॅटरीची निगेटिव्ह काढ (रेडिओला कोड लागत असेल तर तो आधी शोधून ठेव). सीटखाली पिवळा कनेक्टर दिसला तर तो एअरबॅगचा, त्याला मीटर (मल्टिमीटर) लावायचा नाही. अँपचा कनेक्टर काढून गाडीकडच्या बाजूला प्रत्येक स्पीकरच्या दोन तारांची जोडी ओहमवर मोज. ४ ओहमचा स्पीकर मीटरवर साधारण ३.२ ते ३.८ दाखवतो. मग प्रत्येक तार आणि बॉडी यांच्यात मोज. तिथे काहीही दिसता कामा नये. हे मोजताना दुसऱ्या हातानं दार सावकाश उघड-मीट कर. आकडा क्षणभर जरी हलला तरी चोर सापडला.

आता निगेटिव्ह परत लाव आणि सप्लाय बघ. फ्यूज डोळ्यांनी नाही, मीटरनं तपास. नुसत्या मीटरवर १२ व्होल्ट दिसले म्हणून खूश होऊ नकोस. मीटर जवळजवळ करंटच घेत नाही, त्यामुळे तारेच्या गंजून हिरव्या पडलेल्या एका धाग्यातूनही तो १२ दाखवतो. कनेक्टरवर पॉझिटिव्ह आणि अर्थच्या मध्ये २१ वॉटचा इंडिकेटरचा बल्ब लाव. बल्ब पेटलेला असताना मीटरवर बॅटरीच्या तुलनेत अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त घट दिसली तर तार किंवा अर्थचा बोल्ट खराब. रिमोटच्या तारेला (रेडिओ जिच्यातून अँपला चालू व्हायला सांगतो तिला) मात्र हा बल्ब लावू नकोस. रेडिओचं ते आउटपुट अगदी नाजूक असतं. तिथे रेडिओ चालू केल्यावर ११ व्होल्टच्या वर दिसलं की पुरे.

निगेटिव्ह पुन्हा काढून डबा टेबलावर घे. झाकण काढल्यावर मासळीसारखा वास आला तर इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर (बोर्डावरचे छोटे नळकांडीसारखे भाग) गळलेत. फुगलेले पटकन दिसतात, पण बरेच वरून धडधाकट दिसून बुडातून गळतात. बदलताना मायक्रोफॅरड तेवढेच, तापमान १०५ अंशांचं, आणि १२ व्होल्टच्या लाइनवर २५ व्होल्टचा घे. गाडी चालू असताना १४.४ व्होल्ट येतात, तिथे १६ वाल्याला श्वास घ्यायला जागा उरत नाही. गळलेल्या द्रवावर सोल्डर धरत नाही, म्हणून आधी आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि जुन्या टूथब्रशनं घासून काढ. खाल्लेला ट्रॅक (बोर्डावरची तांब्याची रेघ) बारीक तारेनं जोडून घे. भाग चिकटवायला लावलेला पिवळा गोंद तपकिरी झाला असेल तर तोही खरवड, जळका गोंद करंट वाहायला लागतो.

कनेक्टरच्या आणि चिपच्या पायांभोवती भिंगातून बारीक गोल रेघ दिसली तर ते ड्राय सोल्डर, म्हणजे तडकलेला जोड. नुसतं तापवून भागत नाही. जुनं शोषून काढ, फ्लक्स (सोल्डर नीट धरवणारा लेप) लाव, नवं भर.

चिप बहुतेक २५ पायांची, टीडीए ७३८८ किंवा तिचं एखादं भावंड असेल. तसं असेल तर पाय ६ आणि २० सप्लायचे. अर्थपासून तिथे एखाद-दोन ओहमच दिसले तर चिप गेली, फक्त सप्लायवरचा उलट्या वायरिंगपासून वाचवणारा डायोड शॉर्ट नाही ना ते आधी बघ. चारही चॅनल एकसारखे असल्यामुळे मीटरच्या डायोड मोडवर त्यांची आपसात तुलना कर, वेगळा आकडा देणारा चॅनल गुन्हेगार. सगळं ठीक असूनही आवाज नसेल तर पाय ४ (स्टँडबाय) आणि २२ (म्यूट) बघ. दोन्हींवर साडेतीन व्होल्टच्या वर हवं. तिथला छोटा कपॅसिटर लीक झाला की चांगली चिपही मुकी राहते.

गेलेली चिप अख्खी उपटू नकोस, ट्रॅक निघून येतील. पाय कापून एकेक काढ. नवी बसवताना आधी हीटसिंकला (उष्णता ओढून घेणाऱ्या धातूच्या तुकड्याला) स्क्रूनं आवळ आणि मगच पाय सोल्डर कर. उलटं केलंस तर पायांवर ताण राहतो आणि खड्ड्यांनी पुन्हा ड्राय सोल्डर होतं. चिप आणि हीटसिंकच्या मधली उष्णता वाहणारी पेस्ट पातळ लाव, लोण्यासारखी थापू नकोस. या चिपची पाठ अर्थलाच असते, म्हणून मध्ये वीज अडवणारा अभ्रकाचा पापुद्रा लागत नाही. सुटे ट्रान्झिस्टर असलेल्या अँपमध्ये मात्र तो विसरलास तर पहिल्याच क्षणी धूर.

पहिल्यांदा चालू करताना स्पीकर लावू नकोस आणि पॉझिटिव्हमध्ये तोच २१ वॉटचा बल्ब सिरीजमध्ये ठेव. क्षणभर उजळून मंदावला तर ठीक, लख्ख पेटून राहिला तर शॉर्ट अजून आहे. मग प्रत्येक जोडीच्या दोन तारांमध्ये डीसी मोज. १०० मिलिव्होल्टच्या आत असेल तर एक टाकाऊ स्पीकर लावून ऐक, आणि मगच गाडीचे.

दारातल्या तारेला टेप गुंडाळून वेळ मारून नेऊ नकोस. बारीक धाग्यांची लवचीक नवी तार घाल आणि जोड नळीच्या आत न ठेवता दोन्ही टोकांना, नळीबाहेर घे.

उत्तरात चिपवरचा क्रमांक आणि चारही जोड्यांचे ओहम न विसरता लिही.

तुझा,
नंदू